नौपाड्याच्या गच्चीवरून फ्री डिश, घरभर नेटवर्कवर: कामाच्या नोंदी

शनिवार, १७ ऑगस्ट २०२४

बाबांनी जूनमध्ये डीटीएचचा रिचार्ज केला नाही. आई-बाबांनी दीड महिना मोबाइलवर भागवलं. आता आईला स्वयंपाकघरात सह्याद्री हवंय, बाबांना हॉलमध्ये बातम्या, आणि माझा फुकटचा आग्रह असा की तीन ठिकाणी तीन बॉक्स लावायचे नाहीत. गच्चीवर एक डिश, खाली एक ट्यूनर, तिथून पुढे राउटर. ज्याला जिथे बघायचंय तिथे बघू दे.

दूरदर्शनची फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. महिन्याचे पैसे नाहीत. गच्चीवर जुन्या डीटीएचची ६० सेंटिमीटरची डिश पडलेलीच आहे. घरात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक धूळ खात होता, त्यावर टीव्हीहेडएंड, म्हणजे ट्यूनरचे चॅनेल नेटवर्कवर वाटणारं सॉफ्टवेअर, टाकलं. उपग्रहाचा सिग्नल घेणारा यूएसबीचा डीव्हीबी-एस२ ट्यूनर जुना घेतला, ₹४,२००. नवा युनिव्हर्सल एलएनबी (डिशच्या दांड्यावर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) ₹२५०. सिग्नल शोधायचं पिपाणीवालं मीटर ₹३००.

मुदत: ७ सप्टेंबर. त्या दिवशी गणपती आणि घरात वीस माणसं.

रविवार, १८ ऑगस्ट

गच्चीवर अजून तो लोखंडी पाइप उभा आहे, ज्यावर एके काळी काड्यांचा अँटेना होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि आमच्याकडे टीव्ही आला त्याच्या बऱ्याच नंतर, पण बाबांना अजून आठवतं: अँटेनाचं तोंड वरळीकडे, म्हणजे नैर्ऋत्येला, आणि एक माणूस गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीपुढे. "आलं का?" "आलं होतं, गेलं!" आता त्याच पाइपावर डिश लावली, फक्त तोंड बरोबर काटकोनात फिरवून आग्नेयेला, पारसिकच्या डोंगराकडे.

ठाण्यासाठी हिशेब असा: उत्तरेपासून १३१ अंश, क्षितिजापासून ५७.५ अंश वर. इथे होकायंत्राचं उत्तर आणि खरं उत्तर यांत धरण्यासारखा फरक नाही, पण मोबाइलचं होकायंत्र पाइपाजवळ धरलं की २० अंश चुकतं. आधी चार पावलं लांब जाऊन समोरच्या इमारतीची एक खूण ठरवायची आणि मग पाइपाजवळ येऊन तिच्यावर नेम धरायचा. हे कळायला पाऊण तास गेला.

दुसरं म्हणजे डिश ऑफसेट आहे. ५७ अंश वर बघायचं म्हणून मी तिला जवळजवळ आडवीच पाडली होती. ही डिश दिसते त्यापेक्षा २०-२५ अंश जास्त वर बघते. तिचा चेहरा उभ्यापासून ३३-३४ अंशच मागे झुकवावा लागतो.

पाण्याची टाकी आड येईल अशी भीती होती. येत नाही. इतक्या उंचीवर बघताना एक मीटर अंतरावरची वस्तू डिशपेक्षा दीड मीटरहून जास्त उंच असेल तरच नडते.

दुपारी चार वाजता मीटरची पिपाणी कर्कश वाजली. खाली येऊन स्कॅन लावला. शून्य चॅनेल.

सोमवार, १९ ऑगस्ट, रात्री

पहिली चूक सापडली आणि ती शुद्ध मूर्खपणाची आहे. टीव्हीहेडएंडमध्ये फ्रिक्वेन्सी किलोहर्ट्झमध्ये द्यायची असते आणि सिम्बॉल रेट, म्हणजे सेकंदाला किती सिम्बॉल येतात ते, सुट्ट्या सिम्बॉलमध्ये. सगळीकडे "११०९० व्ही २९५००" असं छापलेलं असतं (फ्रिक्वेन्सी, लहरीची दिशा म्हणजे व्ही किंवा उभी, आणि सिम्बॉल रेट), मी तसंच भरलं. खरं भरायचं ११०९०००० आणि २९५०००००. तीन-तीन शून्यं वाढवली. तरी शून्य चॅनेल, पण आता निदान सिग्नलच्या रकान्यात ७८ टक्के दिसतंय. क्वालिटी मात्र ०.

मंगळवार, २० ऑगस्ट

पिपाणीवाल्या मीटरला कुठला उपग्रह ते कळत नाही, काहीतरी आहे एवढंच कळतं. ८३ अंशावर जीसॅट-१० आहे, ९५ अंशावर आणखी एक. बहुतेक मी भलत्याच दारात उभा होतो. आता मीटर फक्त जवळपास पोचायला वापरायचं, पुढचं सगळं ट्यूनरच्या आकड्यावर.

शनिवार, २४ ऑगस्ट

सकाळी लॅपटॉप गच्चीवर. एका हातात पाना, दुसऱ्यात छत्री, कारण पाऊस येऊनजाऊन. डिश पूर्वेकडून पश्चिमेकडे केसाकेसाने फिरवली. दोन ठिकाणी सिग्नल ८० च्या वर गेला, क्वालिटी दोन्हीकडे शून्य. अकरा वाजेपर्यंत दोनदा भिजलो. जिन्यात बसून चहा पीत होतो तेव्हा वॉचमनकाका वर आले. त्यांच्या केबिनवर फ्री डिश आहे, तीन वर्षं चालते आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी माझ्या डिशकडे एकदा बघितलं.

"दादा, छत्री बरोबर हाय. त्याचं तोंड उलट्या अंगाला वळवलंय."

तोंड म्हणजे एलएनबी. उपग्रह आपल्या डोक्यावरून सरळ दक्षिणेला नसून पूर्वेला कललेला आहे, म्हणून एलएनबीसुद्धा कलवावा लागतो. ठाण्यात हा कल ४५ अंश येतो, म्हणजे भरपूर. मी ४५ अंशच दिला होता, पण उलट्या दिशेला. डिशच्या मागे उभं राहून, उपग्रहाकडे तोंड करून बघताना तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा असतो. मी तिच्या समोर उभं राहून मोजला. एका बाजूचे ४५ आणि दुसऱ्या बाजूचे ४५ मिळून ९०. म्हणजे माझा एलएनबी ज्याला 'उभं' म्हणत होता ते उपग्रहाचं 'आडवं' होतं.

आणि इथे एक मजा झाली. एलएनबीला हात न लावता टीव्हीहेडएंडमध्ये व्हीच्या जागी एच, म्हणजे आडवं, केलं. ताबडतोब लॉक! ११०९०, एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे तो आकडा) ९.८, चॅनेलांची रांग. वॉचमनकाका "आलं ना?" म्हणून खाली गेले. पुन्हा वर चढायचा कंटाळा आला म्हणून मीही तसंच ठेवलं.

रविवार, २५ ऑगस्ट

तसं ठेवायचं नव्हतं. उपग्रह स्वतःच्या सिग्नलमध्येच आपल्या बाकीच्या फ्रिक्वेन्सींची यादी पाठवतो आणि त्या यादीत सगळीकडे व्ही लिहिलेलं असतं. टीव्हीहेडएंडने ती प्रामाणिकपणे वाचली आणि रात्रीतून सगळ्या फ्रिक्वेन्सी दुसऱ्यांदा व्ही म्हणून भरून घेतल्या. त्या अर्थातच लॉक होईनात. सकाळी प्रत्येक चॅनेल दोनदा, एक चालू, एक मेलेलं, आणि कुठलं कुठलं ते ओळखायला काही खूण नाही. सगळं नेटवर्क पुसलं, गच्चीवर गेलो, एलएनबी योग्य बाजूला वळवला, पुन्हा स्कॅन. सगळ्या दिवसातलं हे एकच काम झालं. बाबांनी सह्याद्री लावलं आणि अडीच तास सलग बघितलं. माझ्या हिशेबाने प्रकल्प संपला होता.

बुधवार, २८ ऑगस्ट

संपला नव्हता. काल दहीहंडीचं थेट प्रक्षेपण बघताना दर दहा-पंधरा मिनिटांनी काळा पडदा. लॉग उघडला तर ट्यूनर यूएसबीवरून गळून पुन्हा जोडला जात होता. हात लावून बघितलं: ट्यूनरचा ॲडॅप्टर इस्त्रीसारखा तापलेला. ट्यूनरवर १२ व्होल्ट २ ॲम्पियर लिहिलंय, विकणाऱ्याने बरोबर दिलेला ॲडॅप्टर १ ॲम्पियरचा, बहुधा कुठल्या तरी राउटरचा. वर एलएनबीलाही याच ॲडॅप्टरमधून वीज जाते, म्हणजे हा बिचारा दोघांना पोसत होता. गोखले रोडवरून २ ॲम्पियरचा आणला, ₹२८०. गळणं थांबलं. जुनं सामान घेताना मी ट्यूनर तपासला, ॲडॅप्टर नाही.

शनिवार, ३१ ऑगस्ट

आता खरं दुखणं. ११०९०, १११७० आणि ११४७० या तिन्हींवर एसएनआर १० च्या आसपास. ११५५० वर मात्र ६ आणि संध्याकाळी ५. त्यावरच्या चॅनेलांना सतत चौकोन. गणपतीला सात दिवस.

मी काय केलं? जे सगळे करतात ते. सिग्नल कमी म्हणून वायरीत मध्ये बसवायचा बूस्टर आणला, ₹३५०. सिग्नल ७८ वरून ९६ टक्के! ११५५० चा एसएनआर ६ वरून ४. बाकीचेही अर्ध्या-अर्ध्या अंकाने उतरले. बूस्टरला चांगलं-वाईट कळत नाही. आत जे येतंय ते सगळं मोठं करतो, कचऱ्यासकट. बूस्टर काढला, ड्रॉवरमध्ये टाकला. कुणाला हवा असेल तर घेऊन जा.

मग डिश मोठी घ्यावी का, म्हणून ९० सेंटिमीटरची किंमत विचारून आलो. नशीब, घेतली नाही. डिश लहान पडत असती तर सगळेच ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहाच्या या चारही फ्रिक्वेन्सी, पडले असते. एकच का पडतोय?

रविवार, १ सप्टेंबर

सकाळी वहीवर साधी वजाबाकी केली. एलएनबी आलेल्या फ्रिक्वेन्सीतून ९७५० वजा करतो आणि उरलेलं वायरीतून खाली पाठवतो. ११०९० चं १३४०, १११७० चं १४२०, ११४७० चं १७२०, ११५५० चं १८००. या ट्रान्सपॉन्डरची रुंदी धरली तर वायरीत साधारण १७८२ ते १८१८ मेगाहर्ट्झ.

मोबाइलचा १८०० चा बँड. टॉवरकडून फोनकडे जाणारी बाजू १८०५ पासून सुरू होते.

गच्चीवर गेलो. समोरच्या इमारतीच्या टाकीवर मोबाइलचे तीन पांढरे पॅनेल. रोज बघतो. एक सरळ आमच्या कठड्याकडे तोंड करून. आणि कठड्यावरच आमच्या वायरीचा जॉइंट: गच्चीची जुनी वायर आणि खाली जाणारी वायर एका बॅरलने जोडलेली, दोन्ही बाजूंना पिळून बसवायचे कनेक्टर. एक कनेक्टर हाताने ओढला तर हातातच आला. आतली जाळी चार केसांएवढी, तीही हिरवी पडलेली. जाळी तुटली की वायर स्वतःच अँटेना होते आणि टॉवर त्यातून आत शिरतो. संध्याकाळी जास्त, कारण संध्याकाळी सगळे फोनवर.

खात्री करायला पैसे लागले नाहीत. आईकडून पोळ्या गुंडाळायची फॉइल घेतली, जॉइंटभोवती घट्ट चार फेरे, दोन्ही टोकांना वायरीच्या सालपटाखालची जाळी उघडी करून तिला टेकवली. खालून बाबा ओरडले, "आठ पाच! आठ सात!" म्हणजे ६ वरून ८.७. तीच जुनी गच्ची-जिना-टीव्हीची साखळी, फक्त आकड्यांत.

फॉइल पावसात टिकणार नाही, पण दुखणं कुठे आहे ते सांगून गेली.

मंगळवार, ३ सप्टेंबर

ऑफिसमधून अर्धी सुट्टी. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. ठाण्यात आरजी-६, म्हणजे डिशची वायर, मिळते, पण मी विचारलेल्या तिन्ही दुकानांत आतली तार तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी होती. चुंबक खिशात घेऊन जा, सालपट काढलेल्या टोकाला लावा, चिकटलं तर परत ठेवा. मला पूर्ण तांब्याची, फॉइल आणि दाट जाळी दोन्ही असलेली हवी होती. ३६ मीटर, ₹२६ ने ₹९३६. दाबून बसवायचे कॉम्प्रेशन कनेक्टर सहा, ₹१२०. ते बसवायची पक्कड ₹६५०, आणि हीच खरेदी सगळ्यात जास्त कामाची. रबराची सेल्फ-बाँडिंग टेप ₹११०. घासाघीस केली नाही, लोकलची वेळ झाली होती.

गुरुवार, ५ सप्टेंबर

रात्री टॉर्च लावून वायर ओढली. डिश ते ट्यूनर एकच अखंड तुकडा, मध्ये जॉइंट नाही. जुनी वायर ओढायला दोरीसारखी वापरली: तिच्या टोकाला नवी बांधली आणि खालून खेचली. दुसऱ्या मजल्याच्या सज्जाशी अडकली, तिथे तास गेला. सेक्रेटरींनी खिडकीतून विचारलं, "अहो, एवढ्या रात्री काय चाललंय?" "गणपतीची तयारी," म्हटलं. खोटं नाही.

पहिले दोन कनेक्टर वाया घालवले. एकात जाळीचा एक केस मधल्या तारेला टेकला, शॉर्ट, एलएनबीची वीजच बंद. दुसऱ्यात मधली तार आखूड कापली. तिसऱ्यापासून हात बसला. डिशपाशी वायरीला खाली झोळ ठेवला, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता तिथून टपकतं. वर रबराची टेप, ताणून.

११०९०: ११.६. १११७०: ११.४. ११४७०: ११.५. ११५५०: ११.१.

चुंबकवाली जुनी वायर मोजली म्हणून लिहून ठेवतो: ट्यूनरपाशी १३.१ व्होल्ट, गच्चीवर एलएनबीपाशी पोचेपर्यंत १०.९. नव्या वायरीत १२.७. एसएनआरचा अर्धा अंक कदाचित इथूनच आला असेल.

शनिवार, ७ सप्टेंबर

बाप्पा आले. टीव्हीचं चित्र काचेसारखं. स्वयंपाकघरातल्या टॅब्लेटवर मात्र आरतीच्या ऐन वेळी अडखळत होतं, आणि माझा भाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझी डिश हलली बहुतेक."

डिश हलली नव्हती. टीव्हीहेडएंडच्या स्टेटसमधल्या स्ट्रीमच्या पानावर एसएनआर ११ च्या वर, दुरुस्त न झालेले ब्लॉक शून्य, कंटिन्युइटी एररही शून्य. ट्यूनरपर्यंत सगळं स्वच्छ असेल आणि तरी पडद्यावर अडखळत असेल तर दोष ट्यूनरच्या पुढे. फ्रिज आणि स्टीलच्या डब्यांची मांडणी, त्यामागे टॅब्लेट, २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि घरात पाहुण्यांचे वीस फोन. टॅब्लेट ५ गिगाहर्ट्झवर टाकला, जागा बदलली. हॉलचा टीव्ही आधीपासूनच लॅन वायरीवर आहे, म्हणून तिथे काही झालं नव्हतं.

रविवार, १५ सप्टेंबर

खर्च, बाबांनी विचारला म्हणून: ट्यूनर ४,२००, एलएनबी २५०, मीटर ३००, ॲडॅप्टर २८०, बूस्टर ३५०, वायर ९३६, कनेक्टर १२०, पक्कड ६५०, टेप ११०. एकूण ₹७,१९६. बाबांनी लगेच डीटीएचच्या रिचार्जचे महिने मोजायला घेतले, मी चहा करायला गेलो. यातला मीटर आणि बूस्टर टाळता आला असता. वेळ, गच्चीवरचा आणि खालचा मिळून, ३० तासांच्या वर.

गुरुवार, २६ सप्टेंबर

काल संध्याकाळच्या मुसळधार पावसात एसएनआर ११ वरून घसरत ५ च्या खाली गेला, वीस मिनिटं काहीच नाही. पाऊस ओसरला, परत ११. हा कू बँडचा, म्हणजे फ्री डिशच्या या फ्रिक्वेन्सींचा, स्वभाव, त्याला टेप-पक्कड चालत नाही. काही करायचं नाही असं ठरवलं.

रविवार, २९ सप्टेंबर

स्वच्छ ऊन. आणि सकाळी ११ च्या जरा आधी चित्र फुटलं. चारही ट्रान्सपॉन्डर एकदम, ११ वरून ५ वर. मी टॉर्च, पक्कड, टेप घेऊन वर पळालो, दोन कनेक्टर उघडून बघितले, कोरडे ठणठणीत. खाली येईपर्यंत चित्र परत आलेलं. कनेक्टर उघडल्यामुळे आलं असं मी दुपारपर्यंत समजत होतो.

संध्याकाळी गच्चीवर टेप पुन्हा गुंडाळताना डोक्यात आलं की सकाळी डिशवरून परतलेलं ऊन बरोबर एलएनबीच्या तोंडावर गोळा झालं होतं. म्हणजे सूर्य उपग्रहाच्या पाठीमागे! वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या विषुवाजवळ, काही दिवस सूर्य डिशच्या नेमात येतो आणि त्याचा गोंगाट सिग्नल बुडवतो. ठाण्याहून ९३.५ साठी हिशेब करून बघितला. या दिवसांत वेळ येते १०:५३.

बाबांना सांगितलं, उद्या फुटायला लागलं की घड्याळ बघून लिहून ठेवा.

सोमवार, ३० सप्टेंबर

बाबांचा कागद: "१०:५२ सुरू. ११:०० साफ." मध्य १०:५६.

तीन मिनिटं उशीर. सूर्य चार मिनिटांत एक अंश पश्चिमेकडे सरकतो. म्हणजे डिश उपग्रहाच्या पाऊण अंश पश्चिमेला बघते आहे. ५ तारखेला रात्री वायर ओढताना नक्की मीच धक्का दिला असणार, आणि आकडे आधीपेक्षा चांगले आले म्हणून पुन्हा नेम धरलाच नाही.

रात्री नट सैल केले, पूर्वेकडे आणि किंचित खाली, आकडा बघत. ११.६ वरून १२.२. घट्ट आवळलं, पाइपावर खडूने रेघ मारली.

मंगळवार, १ ऑक्टोबर

ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. बाबांचा फोन.

"फुटलं."

"मध्य किती वाजता येतोय?"

"अजून चाललंय, थांब." मागे आईच्या भांड्यांचा आवाज. मग, "सगळ्यात वाईट त्रेपन्नला. आता साफ होतंय."